आठ टक्के मोडलेला माणूस

लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात कुणाची गाडी ओढ्यात रुतली, चर्चचा पियानो एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायचा ठरला, किंवा एखाद्या विधवेच्या घरी लोखंडी शेगडी पायऱ्यांवरून वर चढवायची असली, की लोक आधी डेन्झिल रॅटलिफला हाक मारत. तोही ताटावरून उठून जायचा. बोलायला बुजरा माणूस. चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना म्हणायची पाळी आली की त्याला घाम फुटायचा. पण काही उचलायचं आहे म्हटलं, की चेहरा खुलायचा. त्याची बायको इमोजीन चारचौघांत म्हणायची, "देवानं ह्याला डोकं द्यायच्या वेळी चुकून तिसरा खांदाच दिलाय." तो मान खाली घालून हसायचा. त्याला त्यात वावगं काही वाटत नसे.

वीसेक वर्षं तो बर्ल टॅकेटच्या सॉ मिलमध्ये होता. आऱ्यातून बाहेर येणारी ओली, जड फळी ओढून बाजूला रचायची, हे त्याचं काम. केंटकीच्या त्या डोंगरांत कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या, पण लाकूड होतं. शाळेत टॅकेट आणि डेन्झिल एका बाकावर बसायचे. पुढे एक मालक झाला, दुसरा मजूर. रविवारी चर्चमध्ये मात्र दोघं अजूनही एकाच रांगेत बसत.

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, सकाळी उतरणीवरच्या ओंडक्यांची पाचर निसटली. ओकचा एक जाडजूड ओंडका घरंगळत आला आणि त्यानं डेन्झिलला लोखंडी कठड्यावर दाबलं, अगदी कमरेवर. ओरडायलाही सवड मिळाली नाही. चौघांनी मिळून ओंडका मागे लोटला. डेन्झिल उठला, पँटवरचा भुसा झटकला आणि मुकादमाला म्हणाला, "काही नाही रे होबर्ट. चालू कर मशीन."

सुट्टी होईपर्यंत त्यानं काम केलं. संध्याकाळी घरासमोर ट्रक थांबवला, तेव्हा त्याला खाली उतरता येईना. इमोजीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. हा गाडीतच का बसून राहिलाय, म्हणून ती बाहेर आली. डेन्झिल दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "इमी, माझे पाय कुठे गेले बघ गं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी टॅकेट भेटायला आला. त्याच्या बायकोनं भोपळ्याचा केक करून दिला होता. पलंगाच्या कडेला बसून तो म्हणाला, "घाबरू नकोस. भरपाई आहे ना! मी विम्याचे हप्ते उगाच भरतो होय?"

"बर्ल, मी कुणाचं दान घेत नाही."

"दान कसलं रे? कायदा आहे. कामावर लागलं, तर बरा होईपर्यंत पगाराचा दोन तृतीयांश भाग आणि डॉक्टरचा सगळा खर्च. चूक तुझी होती की माझी, कुणी विचारणारसुद्धा नाही."

डेन्झिलला ते भलं वाटलं. बरा होईपर्यंत! म्हणजे आपण बरं व्हायचं, एवढंच. तो टॅकेटचा हात बराच वेळ धरून राहिला. पुढे कितीतरी दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की बर्लनं माणुसकी दाखवली.

डॉक्टर विमा कंपनीनं ठरवलेला होता. कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकलीय, असं त्यानं सांगितलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. थंडी सरेपर्यंत डेन्झिल खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढाच हिंडला. डाव्या पायात दिवसभर कुणी गरम तार ओढल्यासारखं व्हायचं. मार्चमध्ये डॉक्टरनं लिहून दिलं, हलकं काम करायला हरकत नाही. कामावर गेला नाहीत तर आठवड्याचा चेक बंद होईल, असं विमा कंपनीच्या बाईनं फोनवर गोड आवाजात सांगितलं.

मग तो पट्टा बांधून मिलमध्ये गेला. होबर्टनं त्याला भुशाच्या ढिगाशेजारी एक स्टूल दिलं आणि पुढ्यात एक मोठा डबा आणून ठेवला. त्यात खिळे, नट, बोल्ट, वायसर असं सगळं एकत्र होतं. "हे निवड," होबर्ट म्हणाला. डेन्झिलनं संध्याकाळपर्यंत सगळं निवडून चार डब्यांत भरलं. घरी निघताना त्यानं मागे वळून पाहिलं, तर होबर्ट चारही डबे पुन्हा एकाच डब्यात ओतत होता.

"अरे, हे काय करतोस?"

"मग? उद्या काय निवडणार तू?" होबर्टनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. "माझ्यावर चिडू नकोस, लेका. माझंही पोट आहे."

पलीकडे आऱ्यावर नवा पोरगा लावला होता. तो फळी ओढताना गुडघे वाकवत नव्हता. डेन्झिलच्या तोंडाशी आलं होतं, की असं करू नकोस, कंबर जाईल. पण नट निवडणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार, असं वाटून तो गप्प बसला. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्याच्यापासून जरा लांब बसत. एकानं हसत विचारलं, "काय डेन्झिल, आज काही जड उचललंस का? वायसर वगैरे?" सगळे हसले, डेन्झिलही हसला. घरी आल्यावर त्यानं इमोजीनला ते सांगितलं नाही. मात्र त्या रात्री तो जेवला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर स्टुलावर बसणंही होईना. पुन्हा डॉक्टर. डॉक्टरनं त्याला वाकवलं, पाय वर उचलून बघितला आणि म्हणाला, "मिस्टर रॅटलिफ, होण्यासारखी सगळी सुधारणा झालेली आहे."

डेन्झिलला गलबलून आलं. बाहेर इमोजीन बसली होती, तिला तो म्हणाला, "अगं, डॉक्टर म्हणाला, पूर्ण सुधारणा झाली!"

"मग तुला असं वाकडं का चालावं लागतंय?"

"होईल हळूहळू."

त्या वाक्याचा अर्थ त्यांना पंधरवड्यानं कळला. होण्यासारखी सगळी सुधारणा झाली, म्हणजे ह्यापुढे होणार नाही. आहे हे असंच राहणार. आणि सुधारणा संपली, की दर आठवड्याचा चेकही संपतो. कंपनीच्या दुसऱ्या एका डॉक्टरनं त्याला पाव तास तपासून अहवाल दिला, की मणका मुळात वयानं झिजलेला होता, शस्त्रक्रियेची गरज नाही, आणि ह्या माणसाचं शरीर कायमचं निकामी झालंय ते आठ टक्के.

"आठ टक्के," डेन्झिल वकिलाला म्हणाला. "कुठले आठ, ते तरी सांगितलंय का?"

वकील होता लेलँड प्रेटर. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावात न्हाव्याच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. थकलेला, सज्जन माणूस. अशा खटल्यांवरच त्याचं घर चालायचं. तो म्हणाला, "तसं नसतं ते, रॅटलिफ. अख्ख्या माणसाचे आठ टक्के धरतात."

"म्हणजे बाकीचा ब्याण्णव टक्के मी धडधाकट? मग तो ब्याण्णव टक्के माणूस सकाळी पायात मोजे का घालू शकत नाही? ही घालते माझ्या पायात. विचारा तिला."

इमोजीन खिडकीबाहेर बघत राहिली.

"बर्लवर खटला भरता येतो का?" थोड्या वेळानं डेन्झिलनं विचारलं. त्याचं त्यालाच ते बोलताना कसंतरी झालं. "पाचर जुनी झाली होती. मी दोनदा सांगितलं होतं त्याला."

प्रेटरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही येत. हा जुना सौदा आहे. मालकाची चूक सिद्ध न करता मजुराला भरपाई मिळते, आणि त्या बदल्यात मजूर मालकाला कोर्टात खेचत नाही. तुमच्या-माझ्या जन्माच्या आधी ठरलंय हे."

"मी नाही कुणाशी हात मिळवला."

"आपल्यापैकी कुणीच नाही," वकील म्हणाला.

मग त्यानं समजावलं, की आता लवादाच्या न्यायाधीशापुढे जायचं. डेन्झिल आता कुठलंच काम करू शकत नाही हे पटवायचं आणि शस्त्रक्रियेचा खर्च मागायचा. तोपर्यंत जपून राहा, डॉक्टरनं सांगितलंय त्याहून जड काही उचलू नका. "दुधाचा गॅलन, म्हणजे चारेक किलो, त्याच्यावर नाही," असं तो दोनदा म्हणाला. डेन्झिलनं मान हलवली.

तारीख हिवाळ्यातली मिळाली. त्याआधी ऑक्टोबरात डेन्झिलची आई गेली.

ओली रॅटलिफ नव्वदीला आली होती. तिचं जाणं अनपेक्षित नव्हतं. पण त्या खोऱ्यात माणसाला त्याच्याच घराण्याच्या दफनभूमीत पुरतात, आणि रॅटलिफांची दफनभूमी टेकडीच्या माथ्यावर. गाडी वर जात नाही. पेटी खांद्या-हातांवरच न्यावी लागते. बापाची पेटी डेन्झिलनं एका बाजूनं जवळजवळ एकट्यानं वर नेली होती, अशी आठवण अजून निघायची. ह्या वेळी सहा जण ठरले, त्यात डेन्झिल नव्हता. तो काठी टेकत पेटीच्या मागून चालला. काळ्या कोटाखाली पट्टा आवळलेला. आईला उचलायला आपण नाही, हे त्याला आईच्या जाण्यापेक्षाही जास्त लागलं होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

अर्ध्या चढावर चिखल होता. पुढचा डावा माणूस, डेन्झिलचा चुलतभाऊ क्लेटस, साठीच्या पुढचा. त्याचा पाय सरकला आणि तो गुडघ्यावर आला. पेटी एका अंगाला कलली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बायकांनी तोंडावर हात नेले.

डेन्झिलनं काठी कधी टाकली, हे त्याला पुढे कितीही विचारलं तरी सांगता आलं नाही. तो क्लेटसच्या जागी होता, कडी त्याच्या मुठीत होती आणि पेटी सरळ झाली होती. मागून इमोजीन ओरडली, "डेन्झिल, सोड! सोड ती!" त्यानं सोडली नाही. पाठीतून पायात जाळ उतरत होता, पण पाऊल बरोबर पडत होतं. कितीतरी दिवसांनी आपलं शरीर आपलं वाटत होतं. तो आईला माथ्यापर्यंत घेऊन गेला.

खाली रस्त्याच्या कडेला एक निळी गाडी उभी होती. आत एकच माणूस. ओलीचे नातेवाईक ओहायोपासून इंडियानापर्यंत पांगलेले. असेल त्यातलाच कुणी, वर यायला संकोचत असेल, असं सगळ्यांना वाटलं. दफन आटोपून मंडळी घरी जेवायला जमली, तेव्हाही ती गाडी तिथेच. इमोजीनला राहवेना. तिनं एक ताट वाढलं, हॅम, घेवडा, मक्याचा पाव आणि केळ्याचं पुडिंग, आणि ते घेऊन ती रस्त्यापर्यंत उतरली. परत येऊन बायकांना म्हणाली, "लाजाळू आहे बिचारा. 'तुमच्या दुःखात सहभागी आहे' म्हणाला. नाव काही सांगितलं नाही. कुणाकडचा असेल गं?"

डेन्झिल तोवर आतल्या खोलीत जमिनीवर उताणा पडला होता. पुढचे तीन दिवस तो तिथून उठला नाही. लघवीलाही इमोजीननं डबा दिला.

सुनावणी काउंटीच्या इमारतीत, एका साध्या खोलीत होती. न्यायाधीश चारपाच काउंट्या फिरून अशा सुनावण्या घेणारा. दाराबाहेर प्रेटरनं डेन्झिलला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. "एक टेप आहे. मला काल हातात दिली त्यांनी. ऑक्टोबरातली."

"कसली टेप?"

"बघाल आता. डोकं शांत ठेवा फक्त."

विमा कंपनीच्या वकिलानं चाकांच्या स्टँडवरचा टीव्ही ढकलत आणला. पडद्यावर एक टेकडी आली, हलत हलत जवळ आली, आणि डेन्झिल दिसला. काळा कोट, टोपी नाही, एका हातात पेटीची कडी. बाकीचे धापा टाकत होते, तो नव्हता. पाय रोवून, खांदा खाली घालून, चिखलातून सरळ वर चालला होता. क्लेटस घसरला ते टेपमध्ये नव्हतं. काठीही नव्हती.

डेन्झिल बघत राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण पहिल्या क्षणी आला तो आनंद. हा माणूस त्याच्या ओळखीचा होता. ह्यालाच तर लोक हाक मारायचे. वर्षभरात आरशातसुद्धा तो दिसला नव्हता. आपण हसतोय की काय, म्हणून त्यानं तोंडावरून हात फिरवला. विमा कंपनीच्या वकिलानं ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपलं.

मग चित्र तुटलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा घरासमोरचा उतार होता आणि इमोजीन कॅमेऱ्याच्या दिशेनं येत होती. हातात झाकलेलं ताट. वाऱ्यानं उडणारा झगा ती दुसऱ्या हातानं धरत होती. जवळ आली तशी ती हसली. अनोळखी पाहुण्याकडे बघून माणूस हसतं तसं. तिथे टेप संपली.

डेन्झिलच्या शेजारी इमोजीन बसली होती. तिच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला.

प्रेटरनं पुष्कळ सांगून पाहिलं. आधीचा भाग कुठाय, नंतरचे तीन दिवस कुठायत? क्लेटसही साक्षीला उभा राहिला आणि गुडघ्यावरचा व्रण दाखवायला लागला, तेव्हा न्यायाधीशानं त्याला खाली बसवलं. मग न्यायाधीशानं डेन्झिललाच विचारलं, अगदी सौम्यपणे, "तुम्हाला डॉक्टरनं मनाई केलेली असताना तुम्ही का उचललीत?"

"माझी आई होती आत," डेन्झिल म्हणाला.

"ते मला कळतं. पण उचलता आली, हे खरं ना?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. "हो," तो म्हणाला.

निकाल आला. आठ टक्के कायम. पूर्ण अपंगत्व नामंजूर, शस्त्रक्रिया नामंजूर. आठ टक्क्यांच्या हिशेबानं आठवड्याला जे मिळणार होतं त्यात किराणासुद्धा भागत नव्हता. वर अपील करता येईल, प्रेटर म्हणाला, पण वर्ष-दोन वर्षं जातील, आणि टेप तीच राहील. त्यापेक्षा कंपनी एकरकमी देऊन प्रकरण मिटवायला तयार आहे. अट एकच, ह्यापुढे ह्या कमरेसाठी दवाखान्याचा कुठलाही खर्च त्यांच्याकडे मागायचा नाही. कधीच.

"तुम्ही काय कराल?" डेन्झिलनं विचारलं.

प्रेटरनं पेन पुढे केलं.

ते पैसे थकलेली बिलं आणि घराचा कर ह्यांत विरघळले. टॅकेट चर्चमध्ये वेगळ्या रांगेत बसायला लागला. एकदा पार्किंगमध्ये समोरासमोर आले, तेव्हा टॅकेट म्हणाला, "ती माणसं माझी नव्हती, डेन्झिल. विमावाल्यांनी परस्पर पाठवली. मला विचारलंही नाही."

"माहीत आहे बर्ल."

"आईबद्दल वाईट वाटलं रे मला."

"हो. तू फुलं पाठवली होतीस," डेन्झिल म्हणाला. मग दोघंही आपापल्या गाड्यांकडे गेले.

गावात टेपची गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. पण दुकानात डेन्झिलनं पिठाची पिशवी काखेत धरली, की मागचं बोलणं थांबायचं. तो थोडा ताठ चालला तर लोकांना वाटायचं, बघा, सोंग होतं. वाकून चालला तरी त्यांना तसंच वाटायचं. हळूहळू त्यानं दुकानात जाणं सोडलं. मग चर्च सोडलं. प्रकरण मिटलं होतं, आता कुणी बघायला येण्याचं कारण नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तरी तो घरातले पडदे ओढून बसायचा. मुलगी नातीला घेऊन यायची. ती छोटी हात वर करून पायाशी घुटमळायची, "पपॉ, घे!" आणि कंबर बरी असलेल्या दिवशीसुद्धा तो तिला घ्यायचा नाही.

"उचल की तिला, चांगला दिसतोयस आज," मुलगी एकदा म्हणाली.

"चांगला दिसतोय म्हणूनच," तो म्हणाला. मुलीला ते समजलं नाही, आणि त्यालाही समजावता आलं नाही.

इमोजीननं मयताच्या घरी जेवण न्यायचं बंद केलं. आयुष्यभर तिनं ते केलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, ओव्हन बिघडलाय.

घर तिच्यावर आलं तेव्हा ती गावातल्या वृद्धाश्रमात लागली. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, पलंगावरून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून परत पलंगावर. दोघींनी मिळून उचलायचा नियम होता, पण दुसरी कधी नसायची. दोन हिवाळे तिनं ते काम केलं.

एका सकाळी डेन्झिल जागाच होता. इमोजीन पलंगाच्या कडेला बसून उठायचं बघत होती. एक हात गादीवर, एक हात गुडघ्यावर. ती थांबली, श्वास रोखला, कुशीवर कलली आणि मग हळूहळू, तुकड्यातुकड्यानं उभी राहिली. डेन्झिलला ते उठणं आतून-बाहेरून माहीत होतं.

"कधीपासून?" त्यानं अंथरुणातून विचारलं.

"काय कधीपासून?"

"इमी."

तिनं वळून बघितलं नाही. "आश्रमातल्या त्या म्हाताऱ्या मिस्टर हॅन्शूला धरला ना, पडत होता तो. तेव्हापासून. जीव काढतो माणूस, इतका जड."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"सांग. त्याच दिवशी सांगावं लागतं, नाहीतर म्हणतात, घरीच कुठेतरी लागलं असेल. सांगितलं तरच भरपाई—" आणि तो मध्येच थांबला.

इमोजीन पुन्हा पलंगाच्या कडेला बसून बूट घालत होती. डाव्या पायाशी हात पोहोचेना. डेन्झिल कुशीवर वळला, कण्हत उठून बसला, मग जमिनीवर उतरला आणि त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला. त्याला नाडी बांधायला बराच वेळ लागला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. बाहेर तिला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला.

"चल," ती म्हणाली. "उशीर झाला तर पगार कापतात."

आणि ती गेली. डेन्झिल तसाच जमिनीवर बसून होता, आता वर कसं उठायचं ह्याचा विचार करत.